हात लागल्याशिवाय घंटी नाही

सज्जनहो, नुसता उभा असलेला माणूस स्वस्थ असतो असे समजू नका. त्याच्या पायांची बोटे जमीन चाचपत असतात, घोटा तसूभर डावीकडे कलून परत येत असतो, आणि कानाच्या आत, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, एक थेंब डुलत डुलत त्याला सांगत असतो की अजून उभा आहेस, अजून उभा आहेस. ही चाकरी अष्टौप्रहर चालते. तिचा गाजावाजा नाही, तिला रजा नाही. देवाने देह दिला, आणि मग जणू त्याचीच त्याला दया आली म्हणून वर तोल दिला.

त्या तोलाची मोडतोड करण्यावर जिचे पोट होते, अशा एका बाईची ही हकिकत आहे. ऐकताना जीभ कडू होईल. झाली तरी ऐकावी. तिची स्वतःची जीभ सहा आठवडे कडू होती.

ऑफिसात तिला सगळे तोलताई म्हणत. वय सेहेचाळीस, केस आखूड, उजव्या गुडघ्यावर कायमची पट्टी. वीस वर्षे तिने नाटकातल्या नटांना पडायला शिकवले होते. जिन्यावरून कसे गडगडावे, वार झेलून कसे कोसळावे, मेल्यावर कोणता हात पोटाखाली ठेवला म्हणजे श्वास दिसत नाही, हे सारे तिच्या हाडांत मुरलेले. पुढे नाटकमंडळी पांगली आणि ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. चौथा मजला, खाली टायरचे दुकान. तिथे तिचे काम एकच: गेममध्ये ज्याला मार बसतो, त्याचे पुढच्या क्षणी काय होते ते ठरवायचे.

हे काम किती बारीक, ते सांगितल्याखेरीज पुढची गोष्ट कळायची नाही. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रे पळतात. त्या एकेकाला फ्रेम म्हणतात. हातोडा छातीवर बसला की आधी चार-पाच फ्रेम सगळेच थिजते, मारणाराही आणि मार खाणाराही. त्या थिजण्यानेच खेळणाऱ्याच्या बोटांना वाटते की आपण काहीतरी जड ठोकले. मग मार खाणारा मागे फेकला जातो. किती, ते त्याच्या वजनावर: सडपातळ चोर तीन पावले, चिलखतवाला जेमतेम अर्धे. प्रत्येकाच्या अंगात तोलाचा एक अदृश्य साठा ठेवलेला असतो. वार बसला की तो आटतो, उसंत मिळाली की भरतो, आणि पार आटला की माणूस झोकांड्या खाऊ लागतो. झोकांडी चालू असेतोवर त्याला ढाल उचलता येत नाही, पळता येत नाही, उलटून मारता येत नाही. तो नुसता सावरत असतो. आणि सारे इमान त्या झोकांडीच्या लांबीत असते. ती अर्ध्या सेकंदाची ठेवली तर दोघांची लढाई होते. वाजवीपेक्षा लांबली तर काय होते, ते पुढे येईलच.

तोलताईने हे काम पहिली तीन वर्षे जीव लावून केले. पण ती जागा! कॅप्चरच्या खोलीत, म्हणजे माणसाच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून गेममधल्या पात्राला देतात तिथे, अंगाला चिकटणारा एकच काळा सूट, त्यावर चमकते ठिपके, आणि तो चौघांत फिरे. काखेत इतरांचा घाम वाळून पांढरा झालेला. शेजारच्या खोलीत आवाजवाला कोबीचे गड्डे पिरगाळून हाडे मोडल्याचा कडकडाट रेकॉर्ड करी. आदल्या आठवड्याची पाने मायक्रोफोनच्या पायाशी चिकटून कुजत आणि त्या कुबट, गोडसर वासाने बोळ भरून जाई. हसत हसत तो म्हणे, "ताई, ऐका, ही बरगडी!" आणि ओला गड्डा तिच्या कानाशी मोडी.

या सगळ्यांवर कडी होती ती एका शब्दाची. टीमचा प्रमुख बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. लोक त्याला साहेब म्हणत, अर्धे आदराने, अर्धे चेष्टेने. त्याचा शब्द होता रसरशीत. "ताई, मार मस्त झालाय, पण अजून रसरशीत हवा." दिवसातून चाळीस वेळा. संत्र्याला शोभावा असा शब्द त्याने माणसाच्या फुटणाऱ्या जबड्याला लावला होता, आणि तोलताईला संत्रे सोलवेनासे झाले होते.

घरी तिचे बाबा होते. चौतीस वर्षे बसचे कंडक्टर. वळणावर गाडी झुकली की सारे प्रवासी धान्यासारखे एका कडेला ओतले जात. बाबा मधल्या वाटेत, गळ्यात चामड्याची बॅग, एका हातात तिकिटे, दुसऱ्यात सुटे पैसे, कशालाही न धरता उभे. गाडी डावीकडे गेली की त्यांचे गुडघे उजवीकडे. आख्खा रस्ता त्यांना तळपायांनी पाठ होता.

आणि त्यांचा एक नेम होता. स्टॉपवर चढलेल्या शेवटच्या माणसाचा हात दांड्याला लागल्याशिवाय ते घंटी मारत नसत. मान वळवून विचारायचे, "हात लागला का?" आतून "लागला" आले, की मगच दोरी दोनदा ओढायची. ड्रायव्हर वैतागे. "मास्तर, ही बस आहे का पाळणा?"

"पाळणाच आहे," बाबा म्हणत. "चाळीस बाळं आहेत, एकालाही नीट उभं राहता येत नाही."

त्या माणसाच्या पायांच्या नसा वर्षभरापूर्वी बधिरल्या. डॉक्टर म्हणाले, पायांना जमीन कळत नाही. बाबा म्हणाले, "जमिनीनं माझ्याशी अबोला धरलाय. काही बोललो असेन तिला." हातात काठी आली. घरात ते काठी घेत नसत. त्यांना ती शिवीसारखी वाटे.

एका रविवारी दुपारी ते चहाचा कप घेऊन ओट्याकडून टेबलाकडे निघाले. तोलताई खिडकीशी डबे पुसत होती. मध्येच त्यांची टाच फरशीवरून निसटली. खांदा आधी मागे गेला. कंबर त्याच्या मागून, जरा उशिराने, जणू तिला निरोप नंतर मिळाला. एक पाय जमीन शोधत हवेत राहिला. ती सापडली, पण चुकीच्या जागी. मोकळा हात वर आला आणि बोटे पसरली; भिंत होती तिथे शोधली नाही, नव्हती तिथे शोधली. ओठ किंचित उघडले. मग पुन्हा खांदा, पुन्हा कंबर, आणि शेवटी हाताला कपाटाची मूठ लागली.

तोलताई तीन फुटांवर होती. हात लांब केला असता तर कोपर धरता आले असते. तिचा हात फडक्यावरच राहिला. आणि डोळे? डोळे पहिलीपासून फ्रेम मोजत होते. थिजणे पाच. खांदा चौदा. पायाचा शोध अडतीस. हाताचा शोध सत्तर. मूठ लागली तेव्हा एकशे बारा. पूर्ण एकशे बारा फ्रेम, दोन सेकंदांना थोडे कमी, तिचा जन्मदाता हवेत हात पसरून सावरत होता, आणि ती हिशेब करत होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिले. कपातला चहा शर्टावर सांडला होता. ते एवढेच म्हणाले, "फडकं दे."

पाप इथे संपले असते तर त्याला चूक म्हणता आले असते. पण सोमवारी सकाळी तिने तो घामट सूट चढवला, स्प्रिंगवर डुलणाऱ्या फळीवर उभी राहिली, आणि एका दमात, एकाच टेकमध्ये, बाबा होऊन दाखवले. खांदा, कंबर, तो हवेतला पाय, ती पसरलेली बोटे. खोलीत टाळ्या पडल्या.

"ताई!" साहेब उठून उभा राहिला. "हे आणलंत कुठून?"

"बघून बघून येतं," ती म्हणाली. तोंडात तांब्याचे नाणे ठेवल्यासारखी चव आली. ती तिथेच थांबली, गेलीच नाही.

ती झोकांडी गेममधल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला दिली गेली. पुलाच्या तोंडाशी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लावून उभा असलेला तो पहारेकरी. टीममधली प्रोग्रामर, जी इतके कमी बोले की तिचे नावच मौनी पडले होते, तिने विचारले, "एकशे बारा फ्रेम लांब नाही होत? तीसवर कापू?"

"एकही कापू नकोस," तोलताई म्हणाली. "ते खरं आहे."

हा अभिमान होता, सज्जनहो. आपण चोरलेल्या वस्तूचा अभिमान. तो कसा फिटला ते ऐका.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी, काचेच्या खोलीतून हसण्याचा गदारोळ ऐकू आला. आत गेम खेळून तपासणारे आठ टेस्टर, चिप्सची फाटकी पाकिटे, उघड्या बाटल्या, मोज्यांचा वास. पडद्यावर पूल. खेळणाऱ्याच्या हातात हातोडा. एक ठोका पडला आणि पहारेकऱ्याचा खांदा मागे गेला, कंबर मागून, पाय हवेत, बोटे पसरली. बोटे कठड्याला लागणार, तेवढ्यात दुसरा ठोका. पुन्हा खांदा, पुन्हा कंबर. हातोडा एकदा मारून पुन्हा मारायला सत्तर फ्रेम लागत. म्हाताऱ्याला सावरायला एकशे बारा. साधी वजाबाकी. एकदा झोकांडी सुरू झाली की त्याला पुन्हा कधीच, कधीच उभे राहता येणार नव्हते.

"दे दे, आता भिंत शोधतोय, दे!"

"आजोबा, किल्ल्या सांभाळा!"

"थांब रे, गाणं लावू दे. सतरा झाले, अठरावा तालावर मार!"

कुणीतरी फोनवर ठेका लावला. ठोका, खांदा, कंबर, बोटे. ठोका, खांदा, कंबर, बोटे. ज्या बोटांनी तिला पहिल्यांदा चालायला शिकवले होते, ती बोटे तालावर हवा पकडत होती, आणि आठ तरुण तोंडे चिप्सचा चुरा उडवत हसत होती. एकाने खुर्चीतून उठून तसेच करून दाखवले, ओठ तसेच उघडून. ते उघडे ओठ दिसताच तोलताईने तोंडावर हात दाबला. ती बेसिनशी धावली. साबणाच्या गुलाबी लगद्यात कुणाचा तरी केस अडकला होता. त्याच्याकडे बघत तिने चूळ भरली. किळस त्या पोरांची होती, त्या खोलीची होती. पण तिच्या तळाशी जी किळस बसली होती, ती कुठल्याच बेसिनमध्ये ओतता येणार नव्हती.

ती परत आली तेव्हा साहेबही हसून लाल झाला होता. "ताई, हे सोनं आहे! शुक्रवारी जाहिरातीची क्लिप जातेय. हाच तुकडा लावतोय, गाण्यासकट."

"नाही."

"काय नाही?"

"हा तुकडा बाहेर जायचा नाही. झोकांडी काढून टाका. मी दुसरी करून देते, आत्ता."

"अहो, पाच आठवड्यांपूर्वी एकही फ्रेम कापू नका कोण म्हणालं होतं?"

"त्याला उभं तरी राहू द्या," ती म्हणाली.

"ताई, आकड्यांचा पुतळा आहे तो."

"पुतळ्याला कुणी तोलाचा साठा देतं का?"

"बरं, भांडू नका. कॅप्चर कंपनीचं असतं, करारात आहे, तुम्हाला ठाऊक आहे." तो समजूत काढल्यासारखे हसला. "लोकांना रसरशीत काहीतरी हवं असतं."

चार वर्षांत तिने त्याला अहोजाहो सोडून बोलावले नव्हते. आता तिच्या तोंडून निघाले, "तुला हसू नेमकं कशाचं येतं रे?" तो गोंधळला. मग त्याने घड्याळ पाहिले आणि मीटिंगला गेला.

मौनी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली, "साठा मी गुपचूप वाढवू शकते. मग तो डगमगणारच नाही. पण साहेबांना दहा मिनिटांत कळेल."

"राहू दे," तोलताई म्हणाली. चोरी झाकायला आणखी एक चोरी नको होती.

शुक्रवार तीन दिवसांवर होता. ती झोकांडी कुणाची, हे सांगितले असते तर कदाचित साहेब थबकला असता. पण ते आधी ज्याला सांगायला हवे होते, त्याला अजून सांगितले नव्हते. एकदा क्लिप बाहेर पडली की बाबांची ती धडपड अनोळखी हजारो लोकांच्या हातांत जाणार, ठेक्यावर नाचणार, आणि परत कधीच घरी येणार नव्हती. बुधवारी संध्याकाळी तिने जेवणाआधीच बाबांसमोर बसून सगळे सांगितले. फडके, एकशे बारा, सूट, टाळ्या, गाणे. काही गाळले नाही.

बाबा टेबलावरची रेघ नखाने खरवडू लागले.

"म्हणजे तू मोजत होतीस."

"हो."

"मला वाटलं, तू घाबरलीस," ते म्हणाले. "पाच आठवडे मी त्याचाच विचार करतोय. पोरगी आपल्याला बघून घाबरली, आता घरातही काठी घ्यावी."

तोलताईला वाटले, त्यांनी थोबाडीत मारली असती तर सोसले असते. ती रडली नाही. रडण्याचा तिला हक्क वाटला नाही.

"उद्या मला घेऊन चल," बाबा म्हणाले. "बघू तरी मी कसा दिसतो."

"बाबा, नको. ते घाण आहे सगळं."

"अगं, चौतीस वर्षं बसमध्ये काढली. लोकांनी माझ्या बुटांवर काय काय ओकलंय, तुला काय सांगू."

गुरुवारी सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काठी घेऊन चौथ्या मजल्यावर आले. कॅप्चरच्या खोलीच्या उंबऱ्याशी रबरी चटईची कड होती. तिथे त्यांची टाच निसटली. खांदा मागे गेला, कंबर मागून. या वेळी तोलताईने कोपर धरले. पण आत बसलेल्या मौनीने ते पाहिले, आणि तिच्या हातातला पेन तिथेच थांबला.

"या काका, या!" साहेबाने स्वतः खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होते. "ताईंचं काम बघायला आलात? थांबा, तुम्हाला भारी दाखवतो." आणि त्याने हौसेने क्लिप लावली, गाण्यासकट.

मागे जमलेले टेस्टर सवयीने हसू लागले. ठोका, खांदा, कंबर, बोटे. बाबा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून पाहत होते, जसे लोक आपला एक्स-रे पाहतात. मौनी हसत नव्हती. तिच्या शेजारच्याने तिच्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याच्या पायांकडे, मग पडद्याकडे, आणि त्याचे हसू गिळले गेले. असे एकेक करत हसणे विझत गेले. गाणे मात्र चालू राहिले, आणि त्या शांततेत ते फारच गलिच्छ वाटू लागले.

"डावा पाय चुकलाय," बाबा म्हणाले. "माझा डावा आधी जातो."

साहेबाने तोलताईकडे पाहिले. तिने मान हलवली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "काका, मला... मला माहीत नव्हतं. सॉरी."

"ते माझं आणि पोरीचं. आम्ही बघून घेऊ." बाबांनी काठी पडद्याकडे केली. "मला हे सांगा, हा जो मारतोय, त्याला दिसत नाही का? समोरच्याचा हात अजून लागला नाही."

"गेम आहे काका. मार तर बसायलाच हवा."

"बसू दे की! खड्डा आला की धक्का बसणारच, रस्त्याला काय सांगणार? पहिला धक्का रस्ता देतो, साहेब. माणूस अजून चाचपडत असताना दुसरा देतो, तो कंडक्टर." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "ती फळी कशाची?"

तोलताईने सांगितले: झोकांड्या रेकॉर्ड करायची फळी. पॅडलवर पाय दाबला की स्प्रिंग हिसका देते, कडेला आडवा दांडा आहे.

"उभे राहता?" बाबा साहेबाला म्हणाले, अगदी आमंत्रण दिल्यासारखे.

साहेब ओशाळून हसला, पण सगळे बघत होते. तो फळीवर चढला. बाबांनी खुर्ची पॅडलशी ओढून घेतली आणि पाय दाबला.

फळीने हिसका दिला. साहेबाचा खांदा मागे गेला, कंबर मागून. गोरामोरा होत त्याने हवेत हात मारले. कुणीतरी फिसकन हसले. आणि त्याच वेळी साहेबाची नजर खाली गेली. बाबांचा बूट पॅडलवरच होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आले, ते पडण्याचे भय नव्हते. पडायला खाली मऊ गाद्या होत्या. आता हा दुसरा देणार, आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, हे ते भय होते. त्याचे ओठ किंचित उघडले. खोलीतल्या प्रत्येकाने ते ओठ ओळखले. सकाळ-दुपार त्यांचेच तर हसू चालले होते.

बाबांनी पाय दाबला नाही. ते थांबले. फळी डुलत राहिली, ते थांबलेच.

"हात लागला का?"

साहेबाची बोटे दांड्याभोवती आवळली. "लागला," तो म्हणाला, शाळेतल्या मुलासारखा.

"मग उतरा सावकाश."

साहेबाचे हृदय त्या क्षणी पालटले असे सांगायला कुणालाही आवडेल. पालटले नाही. तो शर्ट नीट करत, कुणाकडे न बघता म्हणाला, "बघू आपण." कदाचित ते बघणे शुक्रवारनंतरच झाले असते. पण मौनी, जी महिन्याला चार वाक्ये बोले, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "एक ओळ आहे. पहारेकऱ्याचा हात कठड्याला लागेपर्यंत त्याच्यावरचा वार मोजायचा नाही. घालू का, साहेब?"

वीस डोळे त्याच्यावर होते. "घाल," तो म्हणाला. "फक्त पहारेकऱ्याला."

तिने घातली. टेस्टरने हातोडा मारला. खांदा, कंबर, पाय, बोटे. दुसरा ठोका पडला आणि धुरातून जावा तसा निघून गेला. बोटांना कठडा लागला. म्हाताऱ्याने मान वर केली, ढाल उचलली, आणि किल्ल्यांचा जुडगा खेळणाऱ्याच्या थोबाडात असा हाणला की पडदा काळा झाला.

"अरे! म्हाताऱ्यानं मारलं मला!"

"बरं झालं," बाबा म्हणाले. "विनातिकीट दिसत होतास."

नाचच उरला नाही, तेव्हा ती क्लिप गेली नाही. शुक्रवारी दुसरी गेली: एक चोर पिंपावर आदळतो आणि त्याच्या बरगड्या कडकडतात, कोबीच्या, गाण्याविना. लोकांना तीही आवडली म्हणे. गेममध्ये मार खाणारे आणखी बेचाळीस जण होते आणि त्यांच्यासाठी ती ओळ नव्हती. बोळातला वास तसाच होता, रसरशीत हा शब्द आठवडाभर दबून पुन्हा डोके वर काढू लागला होता. तोलताईने नोकरी सोडली नाही. ती आता प्रत्येक मीटिंगला जाते आणि एकेका सैनिकासाठी, एकेका चोरासाठी तेच मागते: याला उभं राहायला वेळ द्या. सहा जणांसाठी मिळाला. बाकीच्यांसाठी भांडण चालू आहे. लोक मागून तिला कंडक्टरीण म्हणतात. तिला ते ठाऊक आहे.

आणि ती तळाशी बसलेली किळस? ती कमी झाली, गेली नाही. पुढच्या रविवारी बाबा पुन्हा कप घेऊन निघाले, काठीविना, हट्टाने. टाच निसटली. तोलताई डबे टाकून धावली, कोपर धरले, कप वाचवला. त्यांचे दुसरे मनगट तिने कपाटाच्या मुठीपाशी नेले आणि बोटे लागेपर्यंत सोडले नाही.

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. "मोजलंस?"

खोटे बोलता आले असते. "मोजलं, बाबा. थांबतच नाही ते."

"किती?"

"एकोणिसाव्याला धरलं."

"उशीर केलास," ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. "उद्या पंधराव्याला ये."